काळं छापायलाही निळं लागतं

पहिला प्रिंटर ह्यांनी आणला, दिवाळीच्या सेलमधून,
सत्तावीसशेला. वर एक माउस फुकट.
म्हणाले, बघ, किती स्वस्त पडला.
गणिताच्या बाईला 'स्वस्त' ऐकलं की
खालची बारीक ओळ शोधायची सवय असते.
ती ओळ शाईच्या डबीवर होती:
साडेनऊशे रुपये, एकशेऐंशी पानं.
पानाला सव्वापाच.
कोपऱ्यावरचा चौरसिया दोन रुपयांत काढून देतो,
आणि पोहे झाले का, तेही विचारतो.

तरी दोन वर्षं चालवला.
अक्षर बारीक केलं, समास आखडले,
फिकट छपाईवर टिचकी मारली,
भरीव वर्तुळं होती ती पोकळ केली.
मग मार्चमध्ये, बोर्डाच्या आदल्या आठवड्यात,
रात्री चौदा मुलांची प्रश्नपत्रिका अडली.
पडद्यावर आलं: निळी शाई संपली.
मला निळं नकोच होतं.
मला क्ष, य आणि एक काटकोन हवा होता, काळा.
यंत्र ऐकेना.
काळं छापायलाही त्याला निळं लागत होतं.

निळं कुठे गेलं, ते ठाऊक होतं.
सिरपूर तलावावरून हे दर रविवारी
कॅमेऱ्यात एक खंड्या घालून आणतात.
मी बोलले.
रात्री अकरा वाजता, शेजारी जागे होणार नाहीत
इतपत आवाजात, बरंच बोलले.

शनिवारी जेल रोडवर, जेठानीच्या दुकानात, वही उघडून बसले.
"दीदी, महीने के कित्ते पेज?"
चटकन सांगता येईना.
चौदा मुलं, प्रत्येकी आठवड्याला तीन पानं.
गेल्या वर्षी बावीस होती.
भंवरकुआंचे कोचिंगवाले आता
लोकमान्य नगरच्या नाक्यापर्यंत बस पाठवतात, एसीची.
हे त्याला सांगितलं नाही. बेचाळीसला चारनं गुणलं.

तो म्हणाला, लेझर घ्या,
शाई सुकायची भानगडच नाही. पण रंग विसरा.
नाहीतर हा टाकीवाला, दहा हजार आठशे.
काळी बाटली साडेतीनशेची, साडेचार हजार पानं.
पानाला आठ पैसे!
चष्मा पुसून पुन्हा भागाकार केला. आठच.
फक्त आठवड्याला एक रंगीत पान काढत जा,
म्हणाला, नाहीतर नळ्या सुकतात.

वहीत मांडलं:
चौरसियाचे दोन, वजा कागदाचे साठ पैसे, वजा आठ.
पानामागे एक रुपया बत्तीस वाचतो.
किंमत फिटायला आठ हजार एकशेब्याऐंशी पानं,
म्हणजे पावणेचार वर्षं,
मुलं चौदाच्या खाली गेली नाहीत तर.
वॉरंटी एका वर्षाची.
उत्तर समोर होतं, दुहेरी रेघ मारून.
लेझर.

टाकीवाला रिक्षात मांडीवर घेऊन आले.
ह्यांनी दार उघडलं, खोका पाहिला,
खोक्यावर छापलेले चार रंगीत थेंब पाहिले,
आणि चहा टाकायला आत गेले.

आता रविवारी दुपारी, नळ्या ओल्या राहाव्यात म्हणून,
एक पान निघतं. कशाचं, मी विचारत नाही.
बिघडलेली पानं, चोच कापलेली, आडवे पट्टे उमटलेली,
टाकायची नाहीत. मागची बाजू कोरी असते.
बुधवारी त्यांवर वर्गसमीकरणं गेली.
मयंक चौकसेनं पान उलटलं, पुन्हा उलटलं.
"टीचर, ये चिड़िया कोर्स में है क्या?"
नाही म्हटलं. तिसरा प्रश्न सोडव.
त्यानं सोडवला. क्ष चुकला, चिन्हाची नेहमीची चूक.
उत्तरपत्रिका तेरा आल्या.
त्याच्या कंपासपेटीचं झाकण त्या दिवशी लागत नव्हतं.

खर्चाच्या वहीत रंगीत पानांचा रकाना आखून ठेवलाय.
पेन्सिलनं. अजून त्यात काही लिहिलेलं नाही.